वाचकांचे प्रश्न : नैरोबी ते बेळगाव, शेवटचे ५०० किलोमीटर

प्रश्न : आमच्या चर्चचे ९ जणांचे पथक केनियातले आरोग्य शिबिर आटोपून परतणार आहे. विमान रात्री ८ ला मुंबईत उतरते. लगेच गाडीने निघालो, दोघांनी आळीपाळीने चालवली, तर सकाळच्या चहाला घरी. बेत ठीक आहे ना? — एक वाचक, खानापूर

उत्तर : नाही. इमिग्रेशन, बॅगा, कस्टम उरकून बाहेर पडेपर्यंत दहा वाजतात. पुढे पुणे, सातारा, कोल्हापूर करत निपाणीजवळच्या तवंदी घाटाशी पोचाल तेव्हा पहाटेचे पाच झालेले असतील. केनियाचे घड्याळ आपल्यामागे अडीच तास. म्हणजे शरीराच्या हिशेबाने रात्रीचे अडीच. डोळे उघडे ठेवूनही डुलकी लागण्याची हीच वेळ. त्यात नैरोबीच्या सकाळपासून कुणी नीट झोपलेले नसणार. चहा, सुपारी, खिडकीतला वारा यांनी झोप जात नाही, फक्त तसे वाटते.

विमानतळाजवळ एक रात्र काढा आणि दुसऱ्या दिवशी सांबऱ्याचे (बेळगाव विमानतळाचे) विमान किंवा मिरजमार्गे येणारी रेल्वे धरा. गाडीच हवी असेल तर ताजा चालक ठेवा आणि उजाडल्यावर निघा. एसटीने यायचे असेल तर आदल्या दिवशी चौकशी करा. सीमाभागात वातावरण तापले की गाड्या सीमेअलीकडच्या कागलपर्यंतच येतात, आणि सामान घेऊन तिथे उभे राहण्यात काही मजा नाही.

विमानाचे तिकीट बेळगावपर्यंत एकाच पीएनआरवर काढा. तिकिटे वेगळी असली आणि पहिले विमान लेट झाले, तर दुसरी कंपनी तुम्हाला थांबत नाही. वेगळ्या तिकिटांवर वजनाचाही घोळ होतो: परदेशी प्रवासाला साधारण २३ किलोची बॅग चालते, देशांतर्गत विमानात बहुधा १५. वरच्या प्रत्येक किलोचे पैसे मोजावे लागतात.

बहुतेक जण फसतात ते चिठ्ठीवर. नैरोबीत बॅगेला ‘आयएक्सजी’ अशी बेळगावची चिठ्ठी लागली की बॅग परस्पर सांबऱ्याला जाईल असे वाटते. कस्टम मुंबईतच होते. बॅग पट्ट्यावरून स्वतः उचलायची, कस्टममधून न्यायची आणि बाहेर पुन्हा विमान कंपनीच्या काउंटरवर द्यायची. नाही उचलली तर ती मुंबईतच राहते. पुढचे विमान दुसऱ्या टर्मिनलवरून असेल तर तिथे रस्त्याने जावे लागते, म्हणून मध्ये किमान चार तास ठेवा.

पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला हातातल्या पिशवीत ठेवा, बॅगेत नको. तो नसेल तर मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस टोचल्यापासून दहाव्या दिवसानंतरच दाखला लागू होतो. एकदा झाला की जन्मभर चालतो.

प्रश्न : मुलगा केनियाहून येऊन नऊ दिवस झाले. अंग मोडून आले आहे, संध्याकाळी कणकण असते. दगदग असेल का? — एक आई, निपाणी

उत्तर : दगदगीने अंग दुखते, ताप येत नाही. आजच मलेरियासाठी रक्त तपासा आणि डॉक्टरांना ‘केनियाहून आलाय’ हे आधी सांगा. न सांगितल्यास साधा व्हायरल समजून गोळ्या मिळतील. आफ्रिकेतला फाल्सिपेरम मलेरिया बहुधा डास चावल्यावर एक ते चार आठवड्यांत उठतो आणि एका दिवसात गंभीर होऊ शकतो. पहिली तपासणी निगेटिव्ह आली तरी ताप असेपर्यंत दर १२ ते २४ तासांनी आणखी दोनदा करायची.

मलेरियाच्या गोळ्या घरी आल्यावर बंद केल्या का, तेही विचारा. डॉक्सिसायक्लिन परतल्यावरही ४ आठवडे घ्यायची असते, अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ७ दिवस. मुलासोबत गेलेल्या इतरांनाही वर्षभरात कधी ताप आला तरी ही तपासणी सांगून ठेवा. कुणाची एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, तर ती लांब बसण्याने झालेली गुठळी असू शकते: चोळू नका, दवाखान्यात न्या. दम लागत असेल तर तातडीने.