दीर्घायुष्य-संशोधनाचा प्रसार करणाऱ्या आमच्या गोव्यातल्या गटाचा लोगो बदलायचाय. वाळूचं घड्याळ ठेवावं, अनंताचं चिन्ह घ्यावं की डीएनएची शिडी?

अनंताचं चिन्ह घेऊ नका. गटातल्या मतदानात तेच पुढे आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून आधी त्याबद्दल.

मी फोंड्याला लोगो आणि फलकांचं काम करतो. गिऱ्हाईक बहुतेक नाट्यमंडळं, देवस्थानं, पतसंस्था. लोक पत्रक नंतर वाचतात, आधी चिन्ह बघून मत बनवतात. तो आडवा आठ जॉन वॉलिसने १६५५ मध्ये गणितात आणला. तुमच्या पत्रकावर तो दिसला की वाचणारा म्हणणार, ही मंडळी अमरत्व विकतात. आजवर खात्रीलायक नोंद असलेलं सर्वांत मोठं आयुष्य फ्रान्सच्या झान काल्माँ यांचं, १२२ वर्षं १६४ दिवस. त्या १९९७ साली वारल्या. तुमचा पाठिंबा ज्या संशोधनाला आहे ते टेलोमिअरचं, म्हणजे गुणसूत्रांच्या टोकांवरच्या टोपणांचं (२००९ चं नोबेल), आणि जपानी शास्त्रज्ञ यामानाकांनी २००६ मध्ये प्रौढ पेशी मूळपेशींसारख्या करून दाखवल्या त्या धर्तीचं. म्हातारपण पेशीत कसं घडतं, त्याचे आजार पुढे ढकलता येतील का, एवढाच त्याचा दावा आहे, आणि तो पुरेसा मोठा आहे.

गोव्यात हे जास्तच जपायला हवं. इथं ज्येष्ठांचं प्रमाण देशातल्या बहुतेक राज्यांहून अधिक. किती घरांत मुलं आखातात, बोटीवर नाहीतर पोर्तुगालला, आणि मागे आई-बाबा दोघंच. त्यांना अनंत वर्षं नकोत, गुडघे आणि स्मरणशक्ती शाबूत हवी. आपल्या सप्तचिरंजीवांत अश्वत्थामाही आहे, कपाळावरची जखम घेऊन दारोदार तेल मागत फिरणारा. त्याच्या अमरत्वाचा हेवा कुणाला वाटल्याचं मी तरी ऐकलं नाही.

वाळूच्या घड्याळाची अडचण वेगळी. वर्तुळातलं वाळूचं घड्याळ २०११ पासून जीवसृष्टी नामशेष होण्याचं चिन्ह म्हणून जगभर वापरलं जातं, पर्यावरणाच्या मोर्चांत तेच असतं. तुमचं घड्याळही वर्तुळातच आहे. बदला.

डीएनए चालेल, पण तो आता प्रत्येक लॅबच्या पाटीवर असतो. घेतलाच तर पीळ तपासा: समोरून दिसणारे पट्टे खालून वर उजवीकडे चढले पाहिजेत. कितीतरी लोगोंत तो आरशातल्यासारखा उलटा काढलेला असतो, आणि तुमच्या सभेला येणारा जीवशास्त्राचा शिक्षक तेच पहिलं बघेल. कुणी तांबडा क्रॉस सुचवला तर तो सरळ बाजूला ठेवा. १९६० च्या जिनिव्हा करार कायद्याने तो परवानगीशिवाय वापरता येत नाही.

माझं मत विचाराल तर बाल्कांवाची, म्हणजे गोव्यातल्या घरापुढच्या बसायच्या ओट्याची, पायरी चढणारी एक ताठ आकृती काढा. हातात काठी नको. वय किती ते चेहऱ्यावरून कळायची गरज नाही, चढण दिसली की पुरे. ती एकाच रंगात उभी राहते का ते बघा. आपल्या जुन्या देवळांतलं कावी काम बघून या: चुन्याच्या पांढऱ्यावर एकच तांबडा थर, हवं तिथं खरवडलेला, आणि तेवढ्यात अख्खे देव, हत्ती, वेली. व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीएवढं करूनही आकृती ओळखू आली पाहिजे.

मतदान आता थांबवा. गटातल्यांना चिन्हाचा अर्थ आधीच ठाऊक असतो, त्यामुळे त्यांची मतं इथं फार कामाची नाहीत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात अनोळखी माणसांना नुसतं चित्र दाखवा आणि विचारा, 'ही संस्था काय करत असेल?' दवाखाना, योगवर्ग, व्यायामशाळा अशी उत्तरं आली तरी चालतील. 'बुवाबाजी' आलं तर ते चित्र रद्द.

आणि चित्र तुमचाच एखादा सदस्य काढणार असेल तर वेक्टर फाइल (कितीही मोठी केली तरी चित्र फुटत नाही ती) आणि हक्क गटाकडे दिल्याचं त्याच्या सहीचं पत्र आधी घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे असं हस्तांतर लेखीच लागतं.