प्रश्न तुमचे: ‘आपल्यातलाच वाटला हो!’

बँकेत तेहतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची सहा फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या टेबलावर. ‘लग्नाच्या साइटवर’ फसलेला माणूस तिथे आला की आधी पैशांबद्दल बोलत नसे. ‘मॅडम, दार लावू का?’ एवढंच विचारत असे.

या वेळच्या पत्रांतही तेच बंद दार आहे. शिवाय पत्र लिहिणाऱ्यांपैकी जवळपास सगळे छोट्या, खास कुणासाठी तरी असलेल्या साइटवर गेले होते: विधवा-विधुरांची, साठीपुढच्यांची, शेतकरी मुलांची. मोठ्या साइटवर आपण बाजारात गेल्यासारखे वागतो, पिशवी घट्ट धरून. छोट्या साइटवर घरचं कार्य असल्यासारखे वावरतो. चोराच्या दृष्टीने मात्र ती आयती यादी असते. कोण एकटं आहे, कशामुळे, किती वर्षांपासून, हे आपणच फॉर्ममध्ये भरून दिलेलं असतं.

नावं-गावं काढून पत्रं थोडक्यात देते.

प्रश्न : मी ५२ वर्षांची. मिस्टरांना जाऊन सहा वर्षं झाली. पुनर्विवाहाच्या एका साइटवर ‘मूळचे बेळगावचे, सध्या स्कॉटलंडला समुद्रातल्या तेलविहिरीवर इंजिनिअर’ अशा गृहस्थांशी ओळख झाली. दोन महिने रोज बोलणं होतं. मग त्यांनी दागिने आणि पौंड असलेलं पार्सल पाठवलं. दिल्ली विमानतळाच्या कस्टममधून बाईंचा फोन आला. आधी ३८,५०० भरले, मग १,१५,०००, मग ‘मनी लाँडरिंग सर्टिफिकेट’चे १,८६,५००. एकूण ३,४०,००० गेले. शेवटचे परवा भरले. मुलाला सांगितलेलं नाही. पैसे परत मिळतील का?

ताई, तुमच्या पत्रातला ‘परवा’ हा शब्द वाचून मी त्याच दिवशी मेल केला होता. तेच इथे बाकीच्यांसाठी लिहिते.

सगळ्यात आधी १९३० ला फोन. पोलीस ठाणं, वकील, ओळखीचा नगरसेवक, सगळे नंतर. फोन करताना पासबुक किंवा मोबाइलवरचं स्टेटमेंट समोर हवं. प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो), रक्कम, तारीख-वेळ आणि पैसे ज्या खात्यात गेले त्याचा क्रमांक. तक्रार नोंदली की पोचक्रमांक मिळतो. तो जपून ठेवा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर कागदपत्रं जोडून तक्रार पूर्ण करा. आपल्या बँकेलाही लेखी कळवा.

एवढी घाई कशासाठी, तर तुमचे पैसे पहिल्या खात्यात थांबत नाहीत. तिथून दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या खात्यात फुटत जातात आणि कुठेतरी एटीएममधून निघतात. वाटेत एखाद्या खात्यात काही शिल्लक असेल तर बँक तेवढी रक्कम ‘होल्ड’ करते. होल्ड झालेलीच रक्कम पुढे, बहुतेकदा न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने, तुम्हाला परत मिळू शकते, आणि त्यालाही महिने जाऊ शकतात. त्यामुळे स्पष्ट सांगते, पहिले ३८,५०० गेले असंच धरा. शेवटच्या रकमेतलं काही हाती लागू शकतं.

तुम्हाला कुणीतरी सांगितलंय की तीन दिवसांत कळवलं तर बँक भरपाई देते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात तसं होतं, पण ते तुमच्या परस्पर झालेल्या व्यवहारांसाठी. इथे पिन तुम्ही स्वतः घातला. बँकेशी भांडण्यात या दोन दिवसांतला एक तासही घालवू नका.

आता कस्टमच्या बाईंबद्दल. कस्टम खातं कुणाच्या बचत खात्यात ड्यूटी भरून घेत नाही. खऱ्या पत्रावर ‘डिन’ नावाचा क्रमांक असतो, तो सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. तुम्ही पाठवलेल्या पावत्यांवर तीन वेगवेगळ्या व्यक्तींची नावं आहेत. सरकारला ड्यूटी भरताना समोर एका माणसाचं नाव का आलं, हा प्रश्न तुम्हाला पडला होता, तुम्हीच लिहिलंय. पडला आणि तुम्ही तो गिळलात. सगळेच गिळतात, कारण तोवर पैसे कमी आणि माणूस जास्त गुंतलेला असतो.

स्क्रीनशॉटमधलं एक वाक्य मात्र मी मैत्रिणींना वाचून दाखवलं, रागावू नका: ‘माझी प्रिये, तू तुझे दुपारचे जेवण घेतले आहेस का? मी तुला चुकवतो.’ अहो, बेळगावचा माणूस ‘जेवलीस काय?’ म्हणेल! हे मराठी यंत्राने केलेलं आहे. ‘मिस’ करणं यंत्राला कळलं नाही, म्हणून तो तुम्हाला रोज ‘चुकवत’ होता. आजकाल यंत्रंही सुधारलीत, तेव्हा भाषा शुद्ध आहे म्हणजे माणूस खरा, असंही समजू नका. पण अशुद्ध असेल तर थांबाच.

मुलाला आजच सांगा. आणि सांगताना आधी रक्कम सांगा, गोष्ट नंतर. माझ्या टेबलावर लोक गोष्टीपासून सुरुवात करायचे आणि खऱ्या आकड्यापर्यंत कधी पोचायचेच नाहीत. तीन लाखांचे ‘पन्नासेक हजार’ व्हायचे, आणि तक्रारही पन्नास हजारांचीच लिहिली जायची.

प्रश्न : वय ६४, निवृत्त अभियंता. ज्येष्ठांच्या सहजीवनाच्या साइटवर एका बाईंशी ओळख झाली. व्हिडिओ कॉलवर पाहिलंय, बाई खऱ्या आहेत. त्यांच्या सांगण्यावरून एका क्रिप्टो ॲपमध्ये ५०,००० घातले, ८,००० नफा काढून पाहिला, खात्यात जमाही झाला. मग एकूण ११ लाख घातले. ॲपमध्ये आता ३८ लाख दिसतात. काढायला गेलो तर ‘भारत सरकारचा ३० टक्के कर आधी भरा’ म्हणतात. कर खरंच ३० टक्के आहे, मी तपासलं. एफडी मोडू का?

मोडू नका.

कर खरा आहे, म्हणून तर थाप खपते. क्रिप्टोच्या नफ्यावर २०२२ पासून ३० टक्के कर आहे. पण तो आपण आपल्या पॅनवर, आयकर खात्याच्या पोर्टलवरून भरतो. एक टक्का टीडीएस असतो तोही रकमेतूनच कापला जातो, वरून मागत नाहीत. एक करून पाहा. बाईंना म्हणा, ‘३८ लाखांतूनच कापून घ्या आणि उरलेले द्या.’ उत्तर ऐका. तुम्ही हिशेबाचे माणूस आहात, पुढचं मी सांगायला नको.

ॲपमधला ३८ चा आकडा हे नुसतं चित्र आहे. ८,००० आले ते तुमच्याच पन्नास हजारांतले. मासा गळाला लागावा म्हणून दाणे टाकतात, तसे.

व्हिडिओ कॉलचं म्हणाल, तर ऑक्टोबर २०२४ मध्ये हाँगकाँग पोलिसांनी २७ जणांना पकडलं. ते कॉलवर दुसऱ्याच बाईचा चेहरा चढवून पुरुषांना अशाच बनावट क्रिप्टो व्यवहारात ओढत होते. चेहरा हा आता पुरावा राहिलेला नाही.

या धंद्याचे मोठे अड्डे म्यानमारच्या म्यावाडी भागात आणि कंबोडियात आहेत. कुंपणाआड इमारती, आत संगणकांच्या रांगा. चिनी भाषेत या प्रकाराला डुक्कर पोसून कापण्यावरून नाव पडलं. डिसेंबर २०२४ मध्ये इंटरपोलने सांगितलं की ते नाव वापरू नका, फसलेल्या माणसाला ते डुक्कर ठरवतं. मला पटलं ते. आणखी एक सांगते, तुमचा राग कमी व्हावा म्हणून नव्हे. तिथे टाइप करणारे बरेच जण नोकरीच्या आमिषाने नेलेले असतात. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी अशा पाचशेहून जास्त भारतीयांना थायलंडमार्गे परत आणलं. तुमच्या ‘बाईं’च्या जागी एखादा पासपोर्ट काढून घेतलेला पोरगा बसलेला असू शकतो.

पैसे ॲपमध्ये जाण्याआधी कुठल्या बँक खात्यांत पाठवलेत, ती यादी आज करा आणि १९३० ला द्या. बाईंना आधी कळू देऊ नका. तुम्हाला कळलंय हे त्यांना कळलं की चॅट पुसून टाकतात. सगळ्याचे स्क्रीनशॉट घेऊन मगच ब्लॉक करा.

प्रश्न : मी २९ वर्षांचा, समलिंगी. घरी माहीत नाही. फक्त पुरुषांसाठीच्या एका ॲपवरच्या मुलाने व्हिडिओ कॉल रेकॉर्ड केला. २०,००० दिले, आता ५०,००० मागतोय. नाहीतर भावाला पाठवेन म्हणतो. पोलिसांकडे गेलो तर माझ्यावरच केस होईल का?

तुझ्या वयाचा मुलगा आहे मला, म्हणून अरेतुरे करते. नाही, तुझ्यावर केस होत नाही. सज्ञान माणसांमधला परस्परसंमतीचा संबंध हा गुन्हा नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला दिला, आणि जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत ३७७ हे कलम उरलेलंच नाही. गुन्हा त्याचा आहे. खंडणी, कलम ३०८. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायदा वेगळा.

पन्नास हजार देऊ नकोस. वीस दिलेस म्हणून तर पन्नास मागितले. दिलेस तर लाख मागेल. उत्तर देणं बंद कर, पण चॅट, त्याचा नंबर, यूपीआय आयडी ठेव. फेसबुक-इन्स्टाची मित्रयादी लपव.

स्टॉपएनसीआयआय डॉट ऑर्ग नावाची मोफत सोय आहे. तो व्हिडिओ तुझ्याकडे असेल किंवा त्याने धमकीला पाठवला असेल, तर तुझ्याच फोनवर त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो. फक्त तो ठसा फेसबुक-इन्स्टासारख्या सहभागी कंपन्यांकडे जातो, व्हिडिओ फोनबाहेर जात नाही. व्हॉट्सॲपवरून भावाला थेट पाठवला तर मात्र ही सोय कामाची नाही, हेही माहीत असू दे. एका कुणाला तरी, मित्र असो, मावसबहीण असो, सांगून ठेव. रात्री डोकं फार फिरलं तर १४४१६, टेली-मानस. मराठीत बोलतात.

प्रश्न : पुतण्या ३३ चा, सहा एकर बागायत, निर्व्यसनी. मुली मिळत नाहीत. ‘फक्त शेतकरी मुलांसाठी’ अशा साइटवर ५,१०० भरले. पाच नंबर मिळाले. तीन बंद, एक राँग नंबर, पाचव्या मुलीचं लग्न होऊन दोन वर्षं झालेली. आता साइटवाला म्हणतो, २५,००० द्या, मुलगी दाखवतो. काय करावं?

दादा, पहिले ५,१०० हीच परीक्षा होती. कोण मुकाट्याने भरतो ते त्याने पाहिलं.

ही तऱ्हा परदेशातही आहे. २०१४ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने जेडीआय डेटिंग नावाच्या ब्रिटनमधल्या कंपनीवर कारवाई करून तिला पैसे भरायला लावले. मुलींच्या बनावट खात्यांवरून निरोप यायचे, वाचायचे तर वर्गणी भरा. त्या खात्यांवर एक बारीकशी खूण असायची, तिचा अर्थ अटींच्या जंगलात. आपल्याकडे केंद्र सरकारने जून २०१६ मध्ये विवाह-साइटना सूचना दिल्या. नोंदणी करणाऱ्याची ओळखपत्रं तपासा, तक्रार अधिकारी नेमा. तुमच्या साइटवर तक्रार अधिकाऱ्याचं नाव-पत्ता आहे का पाहा. नसेल तर उत्तर मिळालं. पाच हजारांसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला तक्रार करा.

आणि मुलगी ‘दाखवली’च, तर जपा. चार दिवसांत ठरवून, आठव्या दिवशी लग्न लावून, पंधराव्या दिवशी दागिन्यांसह गायब, असे प्रकार आपल्या गावांत झालेत. काही वेळा ती मुलगीही कुणाच्या तरी दावणीला बांधलेली असते, तेव्हा सगळा राग तिच्यावर काढू नका. मुलीच्या गावी जा. तिच्या घरात बसून चहा घ्या. शेजारच्या घरीही घ्या. सोयरिकीत आपला सातबारा लोक बिनदिक्कत मागतात, मग एजंटाचं आधार मागायला आपण का लाजायचं?

प्रश्न : माझी आई (५८) अशाच एका ‘कॅप्टन’मध्ये अडकली आहे. पुरावे दाखवले तर माझ्याशी बोलणं बंद करते. गेल्या महिन्यात तिच्या खात्यात कुणाचे तरी ६०,००० आले आणि त्याच्या सांगण्यावरून तिने पुढे पाठवले.

या पत्राने माझी झोप उडाली. ते ६०,००० दुसऱ्या कुणा ताईचे आहेत. आईचं खातं आता चोरीचा माल पुढे सरकवणारं खातं झालंय. एक दिवस ते गोठेल, पेन्शनसकट, आणि दूरच्या कुठल्यातरी पोलीस ठाण्याची नोटीस येईल. बोलावणं येण्याआधी स्वतःहून जा. चॅट, स्टेटमेंट घेऊन सायबर पोलिसांत लेखी द्या, बँकेला द्या. एखादा वकील सोबत असेल तर बरं.

आईशी वाद घालू नका. ‘तो खोटा आहे’ म्हटलं की ती त्याची बाजू घेते, कारण तसं करताना ती स्वतःची बाजू घेत असते. त्यापेक्षा तिलाच काम द्या: ‘त्याला सांग, या महिन्यात माझ्याकडे एक रुपयाही नाही आणि खातंही बंद झालंय.’ मग तो काय म्हणतो ते दोघी मिळून ऐका. माझ्या ओळखीच्या एका बाईंना तीन दिवसांत कळलं. ‘कॅप्टन’ने ‘तुझी तब्येत कशी आहे’ विचारणंच सोडून दिलं होतं.

प्रश्न : (पहिल्याच ताईंकडून, दहा दिवसांनी) मुलाला सांगितलं. १,८६,५०० पैकी ६१,००० होल्ड झालेत म्हणे. काल ‘सायबर सेलमधून’ फोन आला, १५,००० प्रोसेसिंग भरले तर ते लगेच सोडवून देतो म्हणाले. भरू का?

नाही! तक्रारीसाठी किंवा पैसे सोडवण्यासाठी पोलीस शुल्क घेत नाहीत. एकदा फसलेल्यांची यादी हे लोक पुन्हा विकतात, तिच्यात तुमचं नाव आहे. नंबर आणि कॉलची वेळ लिहून ठेवा, जुन्या पोचक्रमांकासह तपास अधिकाऱ्याला द्या. यापुढे अनोळखी नंबर मुलाला उचलू दे.