बाळाचे फोटो-व्हिडिओ भरपूर काढतो, फोन १२८ जीबीचा पुरेल की २५६ घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की घरात वर्षाचं बाळ आहे, पसंत केलेल्या अँड्रॉइड फोनला मेमरी कार्डाचा स्लॉट नाही आणि फोन तीन वर्षं तरी चालवायचा आहे. मग २५६च घ्या. पण घेण्याआधी हिशोब समजून घ्या, कारण व्हिडिओचं सेटिंग चुकलं तर २५६ सुद्धा वर्षभरात भरतो.

डब्यावर १२८ लिहिलेलं असलं तरी तेवढी जागा हातात येत नाही. सिस्टिम साधारण २० जीबी घेते. बँक, यूपीआय, नकाशे, इन्स्टाग्राम आणि एखादा गेम धरला तर ॲप्स आणि त्यांचा डेटा मिळून २०-२५ जीबी. फॅमिली ग्रुप, सोसायटीचा ग्रुप असला की व्हॉट्सॲपचे १०-१२ जीबी सहज होतात. शिवाय दहा टक्के जागा मोकळी राहू द्यावी लागते. मेमरी काठोकाठ भरली की नवीन डेटा लिहिण्याआधी फोनला आतली जागा सारखी साफ करत बसावं लागतं, म्हणून कॅमेरा उघडायला वेळ लागतो, अपडेट अडकतं, व्हिडिओ मध्येच थांबतो. हे सगळं वजा केलं की १२८ मध्ये तुमच्यासाठी सुमारे ६० जीबी उरतात आणि २५६ मध्ये सुमारे १७५. म्हणजे डब्यावरचा आकडा दुप्पट, पण वापरायची जागा जवळजवळ तिप्पट. जास्तीच्या पैशांचा खरा मोबदला इथे आहे.

ही जागा खातो तो व्हिडिओ. फोटोंना लोक उगाच घाबरतात. नेहमीच्या मोडमधला १२ मेगापिक्सेलचा फोटो ३ ते ५ एमबीचा असतो. कॅमेरा ५० मेगापिक्सेलचा असला तरी बहुतेक फोन चार पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो साठवतात. पूर्ण ५०चा मोड मुद्दाम लावलात तर एक फोटो १०-२० एमबीवर जातो, तेव्हा तो रोजच्या वापराला ठेवू नका. मोशन फोटो चालू असेल तर प्रत्येक फोटोला छोटी क्लिप चिकटते, तोही बंद करा.

व्हिडिओचा हिशोब सोपा आहे. बिटरेट म्हणजे व्हिडिओच्या दर सेकंदाला किती डेटा साठतो ते, एमबीपीएसमध्ये (सेकंदाला मेगाबिट) मोजलेलं. त्याला साडेसातने गुणलं की एका मिनिटाचे एमबी मिळतात. फुल एचडीला, सेकंदाला ३० फ्रेम (चित्रं) धरून आणि व्हिडिओ दाबून साठवायच्या जुन्या एच.२६४ पद्धतीत, अनेक फोन १७ एमबीपीएस वापरतात, म्हणजे मिनिटाला जवळपास १३० एमबी. त्याहून जास्त बारकावे टिपणाऱ्या ४के ३० फ्रेमला ४८ एमबीपीएस धरला तर ३६० एमबी. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एचईव्हीसी, एच.२६५ किंवा हाय एफिशियन्सी अशा नावाचा, नव्या पद्धतीचा पर्याय असतो. तो चालू केला की तोच व्हिडिओ साधारण निम्म्या जागेत बसतो आणि डोळ्यांना फरक कळत नाही. अडचण एकच: जुन्या कॉम्प्युटरवर असा व्हिडिओ कधीकधी चालत नाही, तिथे व्हीएलसी हा फुकटचा व्हिडिओ प्लेअर टाका.

आता आठवड्याला दहा मिनिटं व्हिडिओ धरू. लहान मूल घरात असताना हे जास्त नाही. फुल एचडी, एच.२६४ वर वर्षाला ६८ जीबी होतात, एचईव्हीसीवर सुमारे ३५ आणि ४के एच.२६४ वर १८७. महिन्याला ५०० फोटो, प्रत्येकी ४ एमबी, म्हणजे वर्षाला आणखी २४. फुल एचडी, एचईव्हीसी आणि फोटो मिळून वर्षाला ६० जीबीच्या आसपास जातात. १२८चा फोन वर्षात भरला, २५६ जवळजवळ तीन वर्षं चालला. ४केवर मात्र २५६ सुद्धा दहा महिन्यांत संपतो. म्हणून रोजचं रांगणं-खेळणं फुल एचडीमध्ये काढा, बारसं-वाढदिवसासारख्या प्रसंगापुरतं ४के लावा.

आकडे फोनगणिक बदलतात, त्यामुळे सध्याच्या फोनवर एक मिनिटाचा व्हिडिओ काढा आणि गॅलरीत त्याचे तपशील उघडून साइज बघा. आयफोनवाल्यांना तेही करावं लागत नाही, व्हिडिओच्या सेटिंगमध्येच मिनिटाला किती एमबी ते दिलेलं असतं.

फोन हातात आला की आणखी दोन गोष्टी बघा. काही कंपन्या रॅम वाढवून देतो म्हणतात, पण ती वाढीव रॅम ४ ते ८ जीबी स्टोरेजमधून घेतात. मूळ रॅम ८ जीबी असेल तर ते बंद ठेवा. आणि डिलीट केलेले व्हिडिओ गॅलरीच्या ट्रॅशमध्ये साधारण ३० दिवस पडून राहतात. ट्रॅश रिकामा केल्याशिवाय जागा मोकळी होत नाही, आणि ‘इतकं उडवलं तरी फोन फुल्लच’ ही तक्रार बहुतेक वेळा यामुळेच असते.

क्लाउडवर फार विसंबू नका. गुगलचे फुकटचे १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून आहेत, अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअपही आता त्यातच मोजला जातो. एक चूक फार महागात पडते: बॅकअप झालाय म्हणून गुगल फोटोजमधून नेहमीचं डिलीट दाबलं की फोटो फोनमधून आणि क्लाउडमधून, दोन्हीकडून जातो. फक्त फोनमधली जागा हवी असेल तर त्याच ॲपमधला ‘जागा मोकळी करा’ हा पर्याय वापरा.

बजेट १२८ पर्यंतच असेल तर एचईव्हीसी पहिल्या दिवसापासून चालू ठेवा आणि दर तीन महिन्यांनी टाइप-सी एसएसडीवर (फोनच्या चार्जिंग पोर्टला केबलने जोडायच्या बाहेरच्या ड्राइव्हवर) सगळं कॉपी करा. ‘मूव्ह’ वापरू नका, मध्ये केबल हलली तर फाइल अर्धवट राहू शकते. कॉपी झाल्यावर सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे दोन-तीन व्हिडिओ एसएसडीवरून चालवून बघा, मगच फोनमधले काढा.