वाचकांचे प्रश्न : न तुटणारे आणि न झिजणारे

प्रश्न : ‘अतूट’, ‘अभंग’, ‘अभेद्य’, ‘अक्षय’ आणि ‘शाश्वत’ हे शब्द अनेकदा एकाच अर्थाने वापरलेले आढळतात. ते एकमेकांच्या जागी घातले तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही, आणि त्याचे कारण आपल्या क्रियापदांत आहे. मराठीत दोरी तुटते, काच फुटते, काठी मोडते, कापड फाटते, शिवण उसवते आणि दगड झिजतो. वस्तू कशी नाहीशी होते यावर क्रियापद ठरते, त्यामुळे ती नाहीशी होत नाही असे सांगतानाही तोच विचार करावा लागतो. जिथे काही जोडलेले किंवा सलग असते, तिथेच ‘अतूट’ शोभतो. नाते अतूट, विश्वास अतूट. काचेच्या भांड्याला ‘अतूट’ म्हटलेले मला खटकते. ‘न फुटणारे’ हे साधे शब्द तिथे अधिक नेमके आहेत. ‘अभेद्य’मधल्या ‘भिद्’ धातूचा अर्थ फोडणे, भेदून जाणे असा असल्याने तटबंदी किंवा कवच अभेद्य असते, मैत्री नव्हे.

याहून मोलाचा भेद प्रत्ययात दडलेला आहे. ‘अभंग’ म्हणजे ज्याला भंग नाही ते. कोणी घाव घातला तर काय होईल, याविषयी तो शब्द काही बजावत नाही. ‘अभेद्य’ आणि ‘अच्छेद्य’ यांतला ‘य’ मात्र ती शक्यताच नाकारतो. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील २४व्या श्लोकात आत्म्याला आधी अच्छेद्य, अदाह्य, अक्लेद्य आणि अशोष्य, म्हणजे तोडता, जाळता, भिजवता आणि सुकवता न येणारा म्हटले आहे, आणि त्यानंतरच नित्य, अचल, सनातन ही विशेषणे येतात. आघात सोसणे आणि काळाला पुरून उरणे हे दोन वेगळे गुण आहेत, हे त्या रचनेत किती स्वच्छ दिसते!

पदार्थांतही हे गुण एकत्र नांदतातच असे नाही. खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोस यांनी १८१२ साली मांडलेल्या खनिजांच्या काठिण्यश्रेणीत हिऱ्याला सर्वोच्च, म्हणजे १० हा अंक आहे. तरीही त्याच्या स्फटिकातल्या ठरावीक प्रतलांवर नेमका घाव बसला तर तो दुभंगतो. म्हणून हिरा ‘कठीण’ खरा, पण ‘चिवट’ नव्हे. रबर चिवट असते, पण हवेतल्या ऑक्सिजनने आणि ओझोनने कालांतराने त्याला चिरा पडतात, तेव्हा त्याला ‘टिकाऊ’ म्हणताना जपावे. उलट शुद्ध सोने इतके मऊ की सहज वाकते, पण ते गंजत नाही; त्याला ‘अविनाशी’ म्हटले तर ते समजण्यासारखे आहे.

‘शाश्वत’ आणि ‘चिरंतन’ हे केवळ काळाचे शब्द आहेत. ते मूल्यांना, सत्याला लावावेत. यंत्राला किंवा रंगाला ‘टिकाऊ’ पुरेसा आहे.

प्रश्न : ‘अक्षय’ बरोबर की ‘अक्षय्य’?

उत्तर : दोन्ही बरोबर. ‘अक्षय’ म्हणजे ज्याला क्षय नाही, तर ‘अक्षय्य’ म्हणजे ज्याचा क्षय होऊच शकत नाही. शक्यतेच्या अर्थी ‘क्षय्य’ आणि ‘जय्य’ ही रूपे साधण्यासाठी पाणिनीने स्वतंत्र सूत्रच दिले आहे, ‘क्षय्यजय्यौ शक्यार्थे’. व्यक्तीच्या नावात मात्र ‘अक्षय’च रूढ आहे; तिथे दुसरा ‘य’ जोडू नये.