चिडचिड होते, म्हणजे माझी सेवा खोटी आहे का?

प्रिय भगिनी,

तुमचे पत्र मिळाले. तुमच्या चर्चच्या मंडळीतील अंथरुणाला खिळलेल्या एका वृद्ध बाईंकडे तुम्ही काही वर्षांपासून नेमाने जाता, त्यांना भरवता, अंग पुसून देता, केस विंचरता, औषधे देता. पण हल्ली त्यांच्या दारापाशी आल्यावर तुमचे पाय जड होतात. त्या सतत कुरकुरतात, आभाराचा शब्द काढत नाहीत, आणि परवा तुमच्याही तोंडून ‘एवढं करूनही तुमचं समाधान होत नाही’ असे निघून गेले. पाळकांना सांगितले तेव्हा त्यांनी सेवा आनंदाने करावी असे समजावले आणि तुम्ही आणखीच अपराधी होऊन परतलात. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात प्रीती चिडत नाही असे म्हटले आहे, प्रीतीवाचून केलेल्या दानाचा काही लाभ नाही असेही म्हटले आहे. मग ही सेवा ढोंगच नव्हे का आणि ती सोडून द्यावी का, असे तुम्ही विचारले आहे.

ती ढोंग नाही, हे आधी स्पष्ट सांगते. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशूने ज्यांना ढोंगी म्हटले, ते लोकांनी पाहावे म्हणून कर्णे वाजवून दानधर्म करणारे होते. तुम्ही बंद दाराआड, कोणी पाहत नसताना आणि मनाची तयारी नसतानाही एका आजारी माणसाचे अंग पुसता. त्याच शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायातील दोन मुलांचा दाखला तुम्ही या प्रसंगी वाचावा, असे मला वाटते. बापाने द्राक्षमळ्यात कामाला जायला सांगितल्यावर एकाने ‘जातो’ म्हटले आणि तो गेला नाही. दुसऱ्याने साफ नकार दिला, पण नंतर त्याला पस्तावा झाला आणि तो गेला. बापाच्या इच्छेप्रमाणे कोणी केले, एवढेच येशूने विचारले. जाताना त्या मुलाचे मन प्रसन्न होते की नाही, याची चौकशी त्या दाखल्यात कोठेही नाही. आणि पौलाचा तो तेरावा अध्यायही गटबाजी आणि चढाओढ यांनी पोखरलेल्या, एकमेकांना सहन करणे जड जात असलेल्या मंडळीला लिहिलेला आहे. चिडचिड ज्यांना कधी शिवलीच नाही अशा लोकांना उद्देशून तो लिहिला असता, तर त्यातील प्रीतीच्या वर्णनाची सुरुवात सहनशीलतेपासून करण्याचे कारणच नव्हते.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. तुम्ही लिहिता की, खोलीत शिरताना ‘हा प्रभूच आहे’ असे तुम्ही मनाला बजावता, कारण ‘या माझ्या कनिष्ठ बंधूंपैकी एकाला जे केले ते मला केले’ असे त्याने म्हटले आहे. हे वचन मलाही फार प्रिय आहे. पण मत्तयाचा पंचविसावा अध्याय पुन्हा नीट वाचा. तेथील नीतिमान लोक राजाला आश्चर्याने विचारतात की, प्रभो, आम्ही तुला भुकेला, तहानेला, आजारी असे कधी पाहिले? त्यांना ते ठाऊकच नव्हते. त्यांना भुकेला माणूस भुकेलाच दिसला, आजारी माणूस आजारीच दिसला आणि त्याला जे हवे होते ते त्यांनी दिले. तुमच्या पत्रात बाईंच्या औषधांच्या वेळा आहेत, पथ्य आहे, तुमच्या मनाच्या अवस्थेचे बारकावे आहेत. पण त्या स्वतः कोण आहेत याविषयी जवळजवळ काही नाही. एका ठिकाणी तेवढे ओझरते आले आहे की, पूर्वी त्या उपासनेत गायनाचे नेतृत्व करीत असत. त्यांच्या ठिकाणी प्रभूला पाहण्याच्या प्रयत्नात त्या स्वतःच तुमच्या नजरेआड झाल्या असाव्यात, अशी मला शंका येते.

त्यांच्या बाजूने विचार करा. ज्यांनी आयुष्यभर इतरांना सूर धरायला शिकवले, त्यांना आज पाण्याचा पेला हातात येण्यासाठी कोणाची तरी वाट पाहावी लागते. कोणी येते, मान उचलते, उशी सारखी करते, घास भरवते, आणि घास केवढा घ्यायचा हेसुद्धा तेच ठरवते. वेणी घट्ट बसली म्हणून त्या रागावल्या, असे तुम्ही लिहिले आहे. दिवसभरात त्यांच्या मताला किंमत असेल अशी ती कदाचित एकच गोष्ट असेल. आधी परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि नंतर डॉक्टर झालेल्या सिसिली सॉंडर्स यांनी 1967 साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस, म्हणजे असाध्य आजाराच्या रुग्णांची शुश्रूषा करणारे केंद्र, सुरू केले. ख्रिस्ती श्रद्धेतून उभ्या राहिलेल्या त्यांच्या कामाचा पाया असा होता की, असाध्य आजाराच्या माणसाचे दुखणे केवळ शरीराचे नसते. मन, नातीगोती आणि आत्मा यांची वेदना त्यात मिसळलेली असते, आणि ती कळण्यासाठी त्या माणसाचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. तुमच्या बाईंची कुरकुर मला त्या वेदनेचाच भाग वाटते.

म्हणून पुढच्या खेपेला कामाला हात लावण्यापूर्वी त्यांच्याजवळ बसा आणि आज काय करू, असे त्यांनाच विचारा. यरीहोच्या वाटेवर ओरडणाऱ्या बार्तीमयाला काय हवे हे कोणालाही दिसत होते, तरी ‘मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे?’ असे येशूने त्याला विचारले. त्या ‘आज नको’ म्हणाल्या आणि ज्या कामाला थांबता येते असे काम असेल, तर ते खरोखरच राहू द्या.

याहून अवघड गोष्ट म्हणजे त्यांच्याकडून काही घेणे. येशूने शिष्यांचे पाय धुतले, हे आपण सेवेविषयी बोलताना नेहमी सांगतो. पण त्याने शोमरोनी स्त्रीजवळ प्यायला पाणी मागितले, आपल्या पैशाअडक्याने त्याची सेवा करणाऱ्या स्त्रियांचा आधार त्याने घेतला, आणि बेथानीत एका स्त्रीने मौल्यवान सुगंधी तेल त्याच्या मस्तकावर ओतले तेव्हा इतरांचा विरोध असूनही त्याने तिला ते करू दिले, हे फारसे कोणी सांगत नाही. जो नेहमी घेतच राहतो तो कालांतराने ओशाळा होतो, आणि ओशाळलेपणाचे रूपांतर रागात व्हायला वेळ लागत नाही. एखाद्या जुन्या गीताची चाल त्यांना विचारा. चुकले तर दुरुस्त करू द्या. तुमच्यासाठी प्रार्थना करायला सांगा आणि ती त्यांच्या शब्दांत, त्यांच्या गतीने पूर्ण होऊ द्या.

परवा बोललात त्याबद्दल माफी मागायची असेल, तर अवश्य मागा. मात्र माफीबरोबर तुमच्या थकव्याची कारणे सांगू नका. ती ऐकली की आपण ओझे झालो आहोत, एवढेच त्यांच्या मनात राहील.

तुमच्या थकव्याची कारणे ऐकायला हवीत ती मंडळीने. एकट्याने हे काम ओढणे हा विश्वासाचा पुरावा आहे, असे तुम्ही मानलेले दिसते, आणि तेथे मी तुमच्याशी मुळीच सहमत नाही. यरुशलेमेच्या पहिल्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या अन्नवाटपात उपेक्षा होऊ लागली, तेव्हा प्रेषितांनी कोणाला अधिक आनंदी राहण्याचा उपदेश केला नाही. त्यांनी सात माणसे निवडून कामाची व्यवस्था लावायला सांगितले. चौथ्या शतकात कैसरियाचे बिशप बासिल यांनी आजारी आणि निराश्रितांसाठी जी मोठी वसाहत उभारली, तिच्यात वैद्य होते, शुश्रूषा करणारे होते, ओझी वाहणारी जनावरेसुद्धा होती. सेवेला माणसे लागतात, आणि कौशल्यही लागते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला शय्याव्रण, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून साधारणपणे दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, आणि उचलण्याची रीत माहीत नसेल तर रुग्ण आणि उचलणारा दोघांनाही इजा होते. हे काम ठरावीक वेळी येणाऱ्या एका स्त्रीच्या अंगावर सोडून देणे योग्य नाही. एखाद्या प्रशिक्षित परिचारिकेकडून तुम्ही आणि मंडळीतील आणखी काही जण हे एकदा नीट शिकून घ्या.

पाळकांकडे पुन्हा जा, पण या वेळी मनाची अवस्था सांगत बसू नका. आठवड्यात कोणते काम किती वेळ चालते हे कागदावर लिहून न्या आणि त्यातील कोणते दिवस इतरांनी घ्यावेत हे थेट विचारा. त्यांनी वचन ऐकवले, तर मार्काच्या सहाव्या अध्यायाची आठवण द्या. दमून आलेल्या प्रेषितांना जेवायलाही सवड मिळत नव्हती, तेव्हा एकांती चला आणि थोडा विसावा घ्या, असे येशूनेच त्यांना सांगितले. त्या दिवशी लोकसमुदाय पाठोपाठ आला आणि त्याला त्यांचा कळवळा आला, हे खरे. पण त्यांना जेवू घातल्यावर त्याने शिष्यांना तारवात बसवून पुढे पाठवले, लोकांना निरोप दिला आणि तो स्वतः प्रार्थनेसाठी डोंगरावर गेला. तुम्हीही आठवड्यातील एक दिवस असा ठरवा, आणि तो बाईंना आधी सांगून ठेवा, म्हणजे त्या वाट पाहत राहणार नाहीत. झोप उडाली असेल, विनाकारण रडू येत असेल किंवा इतर कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांना भेटायला उशीर करू नका. बाईंकडे जाणे मात्र सोडू नका. त्यांनी शिकवलेली चाल तुम्हाला नीट जमते की नाही, हे आता त्यांना पाहायचे असेल.