एकसुरी रस्त्यावर ड्रायव्हरला येणारी पेंग मोजतात कशी?

तुमचा प्रश्न असा की सरळसोट रस्त्यावर तासन्‌तास गाडी चालवताना येणारी पेंग मोजायची कशी आणि स्मार्टवॉचच्या हार्टरेटवर भागेल का. मी ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर काम केलंय, त्यामुळे आधीच सांगतो, नुसत्या हार्टरेटवर नाही भागणार. ठोके निवांत बसलं तरी कमी होतात, मग माणूस पेंगतोय का नुसता निवांत आहे हे कसं ओळखणार?

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे सरळ विचारणं. त्याला कॅरोलिन्स्का स्लीपीनेस स्केल वापरतात, १ म्हणजे टक्क जागा आणि ९ म्हणजे डोळे उघडे ठेवायलाच झगडतोय. साधारण दर पाच मिनिटांनी आकडा विचारायचा. पण गोची अशी की विचारलं की माणूस थोडा जागा होतो, म्हणजे मोजायला गेलो आणि तेच बिघडवून आलो.

मग डोळे. पर्क्लॉस म्हणून एक माप आहे, ठरावीक वेळात, समजा मिनिटभरात, पापणीने बाहुली ८० टक्के किंवा जास्त झाकलेली किती वेळ होती ते. पटकन होणारी नेहमीची उघडझाप धरत नाहीत, सावकाश खाली येणारी जड पापणी धरतात. इन्फ्रारेड कॅमेऱ्याने अंधारातही जमतं, गॉगल घातला तर मात्र बोंब, आणि काही जण डोळे उघडे ठेवूनच हरवलेले असतात ते वेगळंच.

मला स्वतःला स्टिअरिंगचा ग्राफ बघायला आवडतो. जागा माणूस स्टिअरिंग सतत किंचित किंचित हलवत असतो, त्याला पत्ताही नसतो, पेंग आली की ही बारीक वळवळ थांबते, रेघ सपाट होते, गाडी हळूहळू लेनच्या कडेला सरकते आणि मग एकदम मोठा झटका! ताशी १०० किमीला ३ सेकंदांची डुलकी म्हणजे ८३ मीटर गाडी वाऱ्यावर.

ईईजीत, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींच्या नोंदीत, अल्फा आणि थीटा लहरी वाढलेल्या दिसतात, पण रोजच्या गाडीत डोक्याला इलेक्ट्रोड लावून कोण बसणार.

युरोपियन युनियनमध्ये जुलै २०२४ पासून सगळ्या नव्या गाड्यांना पेंगेचा इशारा देणारी सिस्टिम सक्तीची आहे, आणि गंमत म्हणजे तिचं मोजमापही त्याच कॅरोलिन्स्का स्केलवर, ८ ला इशारा यायलाच हवा.

आणि हो, कंटाळवाण्या रस्त्याने झोप पूर्ण झालेल्याचंही लक्ष उडतं, पण खरी पेंग बहुतेकदा आधीच्या अपुऱ्या झोपेची असते, रस्ता फक्त ती उघडी पाडतो. म्हणून आदल्या रात्रीची झोप आणि घड्याळातली वेळ लिहून ठेवाच, पहाटे आणि दुपारी २ ते ४ पेंग तशीही वाढते. सिम्युलेटरवर लोक खऱ्या रस्त्यापेक्षा जास्त पेंगतात, मरायची भीती नसते ना.

प्रोजेक्ट करत असाल तर कॅमेरा, स्टिअरिंग आणि स्केल तिन्ही एकत्र घ्या आणि प्रत्येक ड्रायव्हरची तुलना त्याच्याच सुरुवातीच्या ताज्या मिनिटांशी करा, दुसऱ्याशी नको, कारण काहींची पापणी मुळातच अर्धी मिटलेली असते.