डोंगरउताराला भेग पडली आहे. बोअर न घेता सरकणाऱ्या थराची खोली कळते का?

अंदाजे कळते; सह्याद्रीच्या उतारावर त्यासाठी रेझिस्टिव्हिटी (जमीन वीज किती अडवते ते मोजणे) आणि सिस्मिक रिफ्रॅक्शन (हादऱ्याच्या लहरी थरांतून किती वेगाने जातात ते मोजणे) ही दोन्ही सर्वेक्षणे एकाच रेषेवर करा. ओल्या चिकणमातीचा विशिष्ट विद्युतरोध दोन आकडी ओहम-मीटर असतो, ताज्या बेसाल्टचा बहुधा शेकड्यांत. रेझिस्टिव्हिटीसाठी 48 इलेक्ट्रोड (जमिनीत वीज सोडणाऱ्या धातूच्या खुंट्या) 5 मीटर अंतराने ठोकले की रेषा 235 मीटरची होते आणि मध्यभागी साधारण 40 मीटर खोल दिसते, टोकांना फारच कमी. म्हणून रेषा भेगेच्या बरीच वरून सुरू करा, उताराला आडवी अशी आणखी एक रेषाही घ्या. कोरड्या जांभ्यात इलेक्ट्रोडचा संपर्क नीट होत नाही, आकडे उड्या मारतात. खुंटीभोवती मिठाचे पाणी ओता. मात्र कुजलेला ओला बेसाल्टही चिकणमातीसारखाच दिसतो, त्यामुळे सरकपृष्ठ (ज्यावरून थर सरकतो ती पातळी) ठरवायला निदान एक बोअर, शक्यतो इन्क्लिनोमीटरसह (बोअर कोणत्या खोलीवर वाकतो ते मोजणारे यंत्र), लागतोच. भेग पावसात रुंदावत असेल तर आधी खालची घरे रिकामी करा.